लेकरू वाढते, वस्तू राहते



जुना ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले की आपण चार गावे हिंडतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, कागदपत्रे तपासतो, ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो आणि भाव पाडून सौदा करतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बाजारातून आणलेला बैलही आधी कुणाच्या तरी दावणीचाच असतो. पण घरात बाळ आले, की हाच शेतकरी दुकानदार सांगेल त्या किमतीला नवा पाळणा, नवी बाबागाडी, नवी तीनचाकी सायकल उचलतो. "आमचं लेकरू काय दुसऱ्याचं उतरलेलं वापरणार होय?" असे वर विचारतो. पुष्कळदा ही खरेदी उधारीवर होते आणि ऊसबिलाचा हप्ता जमा होण्याआधीच त्याला वाटा फुटतात. म्हणून या अंकात लागण-बांधणीचा विषय बाजूला ठेवून या खर्चाचा विचार करू.

टनाचा हिशेब

सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. आता समजा, पाळणा, बाबागाडी आणि सायकल मिळून १२,००० रुपये झाले. एफआरपीने हा जवळजवळ साडेतीन टन ऊस झाला. तोडणी-वाहतूक वजा केल्यावर चार टनांच्या पुढे जातो. एकरी ४० टन उत्पादन धरले तर गुंठ्याला एक टन पडतो. म्हणजे चार गुंठ्यांहून अधिक रानातला वर्षभराचा घाम त्या तीन वस्तूंत गेला. त्याच वस्तू चांगल्या स्थितीत निम्म्या किमतीला मिळाल्या, तर दोन गुंठ्यांचा ऊस घरात राहिला.

मुलाची वाढ पाहा. जन्मावेळी साधारण तीन किलोचे बाळ पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाचे होईतो तिप्पट वजनाचे होते. लांबी ५० सेंटिमीटरवरून ७५ वर जाते. मोठ्या बांधणीनंतर ऊस कांड्या धरून झपाटतो, तसाच हा काळ. अंगडे दोन महिन्यांत अपुरे पडते. लेकरू उभे राहू लागले की पाळणा माळ्यावर जातो. वस्तू झिजत नाही, लेकरूच तिच्यातून बाहेर पडते. म्हणून लहान मुलांच्या जुन्या वस्तू बहुधा धडधाकट असतात.

खोडव्याचे तत्त्व

खोडव्याला पूर्वमशागतीचा, बेण्याचा, लागणीचा खर्च नाही. निगा मात्र चोख लागते. जुन्या वस्तूचेही तसेच. खर्च वाचतो, पण तपासणी आणि स्वच्छता आपल्याकडे येते. खरे तर ही रीत आपल्यात नवी नाही. आजीच्या जुन्या लुगड्याची मऊ दुपटी आणि वाकळ यांवरच आपल्या पिढ्या वाढल्या. नव्या कापडाची खळ तान्ह्याच्या कातडीला बोचते, हे जुन्या बायकांना पक्के ठाऊक होते.

घेताना काय पाहावे

१) कपडे – गळ्याजवळची नाडी, सुटी बटणे, गंजलेले हूक काढून टाकावेत. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला घालू नयेत. काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वासानेही फुटतात आणि जोराची कावीळ होते. आपले कपडे साठवताना या गोळ्या टाळाव्यात.

२) पाळणा व लाकडी सामान – कड्या, साखळ्या, दोर हाताने ओढून पाहावेत. दोन दांड्यांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे तीन बोटांपेक्षा, जास्त नसावे. नाहीतर डोके अडकते. रंगाचे पोपडे निघत असतील तर वस्तू सोडून द्यावी. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते आणि मुले दिसेल ते चाटतात. असा रंग घरी पॉलिश पेपरने घासूही नये, त्याची धूळ तितकीच वाईट.

३) खेळणी – १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला आहे. जुन्या खेळण्यावर तो असेल तर उत्तम. बटणासारख्या चपट्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणे फुकटही घेऊ नये. असा सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते.

४) चाकांचा वॉकर – हा जुना नको आणि नवाही नको. बसून ढकलायच्या या वॉकरमुळे मुले पायऱ्यांवरून कोसळतात. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली, जुन्या मालालाही. आपला उभे राहून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो उंबरा-पायरीपासून दूर, नजरेखाली वापरावा.

आणि एक खास शेतकऱ्यांसाठी. तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा रिकामा कॅन कापून त्यात पोराला अंघोळ घालू नये. कितीही धुतला तरी नाही.

बेणे मात्र नवेच

आम्ही गटातून फिरताना सांगतो, की बेणे खोडव्याचे नको. बेणेमळ्यातले, ९ ते ११ महिन्यांचे, निरोगी घ्या. तिथे काटकसर केली तर पुढचे पीकच बिघडते. घरातही अशा काही गोष्टी आहेत. दुधाच्या बाटलीचे बूच जुने घेऊ नये. मुळात सहा महिने आईचेच दूध द्यावे, पुढे वाटी-चमचा आहे.

दुसरी वस्तू हेल्मेट. मोटारसायकलवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा लावावा, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. एकदा आपटलेल्या हेल्मेटची आतली तड बाहेरून दिसत नाही, म्हणून ते नवेच घ्यावे. मोटारीतील मुलांच्या सीटलाही हेच लागू.

वाचलेल्या पैशाला वाट द्यावी, नाहीतर तो कुठे गेला कळत नाही. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात २५० रुपयांवर सुकन्या समृद्धीचे खाते उघडते. ऊसबिलातून वर्षाला थोडे-थोडे भरले तरी पुढे शिक्षणाला आधार होतो.

घ्यावे तसे द्यावे

बोहारणीला पाच-सहा धड झबली देऊन एक डबा घेण्यापेक्षा ती भावकीत, शेजारात फिरू द्यावीत. महिला बचत गटांनी एक वही घालावी: कुणाकडे पाळणा आहे, कुणाला कधी लागणार, किती दिवसांनी परत येणार. एक चांगला पाळणा गावातली दहा बाळे सहज झोपवतो. भाडे म्हणून ठरलेली थोडी रक्कम गटात जमा केली तर दुरुस्तीचा खर्चही निघतो.

गळीत सुरू झाले की तोडणी टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांतून तान्ही लेकरे असतात आणि थंडी ऐन रानातली असते. त्यांना कपडे द्यावेत, पण फाटके, डागाळलेले, बटणे तुटलेले देऊ नयेत. आपण विकत घेताना जे पारखून घेतो, तेच देतानाही पारखावे. धुऊन, घडी घालून, आपल्या नातवाला घालू असेच द्यावे. तिथली आईसुद्धा लेकराला कपडा घालण्याआधी उलटून-पालटून बघते.

– ऊस विकास अधिकारी