नखाने चालणारा फोन

आज मी काशीमीऱ्याहून बोलतेय. आमच्या नाक्यावरून अहमदाबादचा महामार्ग जातो. पावसाळ्यात तिथे उभं राहायचं म्हणजे गाड्यांनी उडवलेलं पाणी अंगावर घ्यायचं. त्या नाक्याजवळ भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. मुलाने त्यांना नवा टचचा फोन घेऊन दिला. भाजीवर पाणी मारता मारता फोन वाजायचा, मावशी ओल्या बोटाने हिरवी खूण सरकवायच्या, पण फोन काही उचलला जायचा नाही. चार-पाचदा असं झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तुला नाही जमायचं." मावशींनी फोन पिशवीच्या तळाशी टाकला तो टाकलाच.

मग कपाटातून मुलाचाच जुना फोन निघाला, नोकियाचा ५८००. तोही टचचाच. पण तो मावशींना पहिल्या दिवसापासून जमला. बोटं तीच, पाणी तेच. मग चूक बोटांची कशी?

फरक काचेत आहे. या जुन्या फोनच्या पडद्याला दोन पदर असतात. वर पातळ, लवचिक प्लास्टिक, खाली काच आणि मध्ये केसाएवढी फट. दाबलं की वरचा पदर खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते फोनला कळतं. त्याला फक्त दाब हवा. बोट ओलं असो, त्याला पीठ लागलेलं असो, हातमोजा असो, नख असो, काडी असो. फोनच्या पाठीत एक बारीक काडी खोचलेलीच असते. मावशी तर फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून वरूनच दाबतात.

आताच्या फोनला दाब नको, स्पर्श हवा. काचेखाली न दिसणारी विजेची जाळी असते. आपल्या अंगातून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकलं की तिथला भार किंचित बदलतो आणि फोन ते ओळखतो. पण पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो, म्हणून ओल्या हाताने फोन गोंधळतो. नखाची तर त्याला जाणीवच होत नाही. भांडी घासून, शेतात राबून घट्टे पडलेलं कोरडं बोटही कधी कधी नीट कळत नाही. तेव्हा "तुला नाही जमायचं" असं कोणी म्हणालं, तर आधी पदराला हात आणि काच कोरडी पुसा आणि पुन्हा करून दाखवा.

दोन्ही तऱ्हांचा एकेक फोन एकाच सुमाराला आला. २२ ऑगस्ट २००८ ला आयफोन थ्रीजी भारतात विकायला आला, सगळ्यात स्वस्त ३१,००० रुपयांना. तेवढ्यात तेव्हा दोन तोळ्यांहून जास्त सोनं आलं असतं! त्याची काच बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालायची, दोन बोटांनी चित्र मोठं व्हायचं. लोकांना त्याचंच वेड लागलं. पण त्यात रेडिओ नव्हता आणि बॅटरी आपल्या हाताने बदलता येत नव्हती. नोकियाचा ५८०० त्याच वर्षी ऑक्टोबरात जाहीर झाला. त्यात रेडिओ होता, मागचं झाकण उघडून बॅटरी बदलता यायची आणि स्पीकरचा आवाज असा खणखणीत की चुलीपाशी ऐकू यावा.

त्याच्या खोडीही सांगते, नाहीतर तुम्ही उद्याच माळा धुंडाळाल. वरचं प्लास्टिक लवकर चरे धरतं. उन्हात पडदा फिका दिसतो. दोन बोटांनी चित्र मोठं करणं त्याला येत नाही. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे काही ठिकाणी एकदा दाबलं की काम होतं, नावांच्या यादीत मात्र पहिल्या दाबाला नाव नुसतं उजळतं, उघडायला पुन्हा दाबावं लागतं. बनवणाऱ्यांचंच तिथे एकमत झालं नव्हतं असं मला वाटतं.

आज त्याचा उपयोग किती? व्हॉट्सअ‍ॅप नाही. या जातीच्या फोनांवरचं ते २०१७ च्या जूनअखेर बंद झालं. क्यूआर कोडवर पैसे पाठवणारी अ‍ॅपं नाहीत. जिओचं सिम चालत नाही, कारण फोन फोर-जीच्या आधीचा. टू-जी चालू असलेल्या कंपनीचं सिम हवं, आणि हल्लीचं चिमुकलं सिम बसवायला चौकट लागते. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, काढून वेगळी ठेवा.

पण बचत गटाच्या खात्याला जोडलेला नंबर अशा फोनात ठेवायला मला आवडेल. बँकेचा मेसेज येतो. स्टार ९९ हॅश लावलं तर इंटरनेटशिवाय शिल्लक कळते, मात्र नंबर खात्याला जोडलेला हवा. लग्नपत्रिकेच्या नावाखाली फसवी अ‍ॅपं पाठवतात ना, ती यावर चालतच नाहीत. ओटीपी विचारणारा चोर मात्र याही फोनवर बोलू शकतो, तो कुणालाही सांगायचा नाही.

मावशींचा नवा फोन आता घरीच असतो. रात्री हात कोरडे करून त्या त्यावर नातवाचे फोटो पाहतात. नाक्यावर जुना. त्यात इअरफोनची वायर खोचल्याशिवाय रेडिओ लागत नाही, कारण ती वायरच एरियलचं काम करते. वायर खोचायची, आवाज स्पीकरवर घ्यायचा. मग शेजारच्या भाजीवालीलाही ऐकू येतं.