मुंबईत घर मिळत नाही, ते गावाकडच्या लोंढ्यांमुळे?

कोरेगाव तालुक्यातल्या घराघरांत मुंबईला गेलेलं माणूस आहे. कुणी गिरणीत लागलं, कुणी मशीद बंदरला किंवा वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून राबलं. गावकीच्या खोलीत अंथरुणाला अंथरूण लावून या माणसांनी घरी पैसे पाठवले. त्यामुळे "खेड्यातून लोंढे येतात म्हणून मुंबईत घरं परवडत नाहीत" हे वाक्य आपल्याबद्दलच असतं, आणि ते तपासून पाहायला हवं.

२००१ साली बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी १९ लाख ७८ हजार होती, २०११ साली १ कोटी २४ लाख ४२ हजार. दहा वर्षांत वाढ जेमतेम चार टक्के. त्याच काळात आपला सातारा जिल्हा २८ लाख ९ हजारांवरून ३० लाख ४ हजारांवर गेला, म्हणजे जवळपास सात टक्क्यांनी वाढला. ज्या जिल्ह्यातून माणसं जातात तो मुंबईहून वेगाने वाढला! कुलाबा ते माहीम-शीव या जुन्या शहरात तर अडीच लाख माणसं कमी झाली. जन्म-मृत्यूचा हिशेब धरला तरी मुंबई याहून जास्त वाढायला हवी होती. याचा अर्थ, येणाऱ्यांपेक्षा सोडून जाणारे जास्त होते. ते गेले कुठे? तेव्हाचा ठाणे जिल्हा याच दशकात ३६ टक्क्यांनी वाढला. कल्याण, डोंबिवली, विरार, नवी मुंबई इथे घर आणि रोज लोकलने कामाला. २०२१ची जनगणना झालीच नाही, म्हणून खात्रीची मोजणी आजही २०११चीच.

"आता टॉवर उभे राहताहेत, म्हणजे घरं वाढतील" असंही ऐकू येतं. इमारतीची उंची वाढली म्हणजे कुटुंबं वाढतातच असं नाही. जिथे दहा बाय बाराच्या खोल्यांची चाळ होती तिथे दोन-दोन हजार फुटांचे फ्लॅट झाले, तर मजले वाढूनही राहणारी माणसं घटू शकतात. एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात बांधकामाची परवानगी, किती द्यायचा यापेक्षा त्यातून कोणाच्या ऐपतीचं घर निघणार, हा खरा प्रश्न आहे.

गिरण्यांच्या जमिनीवर हे स्पष्ट दिसलं. परळ, लालबाग, वरळी भागात सुमारे ६०० एकर जमीन होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या. १९९१च्या नियमाप्रमाणे ही जमीन विकायची तर साधारण तीन वाटे व्हायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली या नियमात एक दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न करता फक्त तेव्हा मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. बांधकाम उभं असलेली जागा वाटणीतून सुटली आणि म्हाडाचा व महापालिकेचा वाटा आटला. २००५ साली उच्च न्यायालयाने याविरुद्ध निकाल दिला, तर २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. घरासाठी गिरणी कामगारांचे आणि वारसांचे दीड लाखांहून अधिक अर्ज आले. घर मिळालं त्यातल्या थोड्यांना. गावाकडची जमीन ठेवून मुंबईत आयुष्य काढलेल्या माणसाचं हे नुकसान लोकसंख्येने नव्हे, नियमातल्या एका ओळीने केलं.

घरंच कमी आहेत, हेही अर्धसत्य. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, तेव्हापासून भाडेकरू एकदा शिरला की निघणार नाही ही धास्ती मालकांच्या मनात बसली. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूपबंद ठेवलेली घरं वेगळीच. नोकरीला जाणाऱ्या मुलांनी मात्र एक लक्षात ठेवावं. "अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात खोटं आहे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

उरला शेवटचा गैरसमज: हे सगळं महानगराचं, कोरेगावला त्याचं काय? कोरेगावात नगरपंचायत आहे, आणि २०२०च्या डिसेंबरमध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली मुंबई व काही मोजके भाग वगळता राज्यभर चालते. विकास आराखड्यात शाळेला, बाजाराला, मैदानाला जागा राखीव दाखवली म्हणजे ती कायमची मिळाली, असं आपण धरून चालतो. तसं नाही. १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ठरावीक मुदत असते, आणि लेखी हरकत कुठल्याही रहिवाशाला देता येते.