माळढोक, अभयारण्य आणि आमचा सातबारा

सोलापूरच्या उत्तरेस नान्नजच्या माळावर ज्यांनीं पूर्वीं गुरें चारलीं, त्यांस माळढोक पक्ष्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. इतर वाचकांसाठीं थोडें सांगतों. उभा राहिला म्हणजे हा पक्षी सुमारें एक मीटर उंच भरतो व नराचें वजन पंधरा किलोपर्यंत जातें. इतका जड असून उडणारा पक्षी जगांत विरळा. टोळ, नाकतोडे, भुंगेरे हें त्याचें आवडतें खाद्य. त्याखेरीज बोरें व दाणे. मादी बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंही उघड्या जमिनीवर. सारांश, हा पक्षी पिकाचा वैरी नसून किडीचा वैरी आहे. राष्ट्रीय पक्षी निवडावयाचा होता तेव्हां डॉ. सालीम अली यांची पसंती माळढोकास होती. परंतु १९६३ सालीं तो मान मोरास मिळाला. आज साऱ्या देशांत रानावर मोकळे असे दीडशेंहूनही कमी माळढोक उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. नान्नजच्या माळावर तर त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे.

येथें वाचक विचारतील कीं, यास कायद्याचें संरक्षण नव्हतें काय? होतें, आणि तें सर्वांत कडक प्रतीचें होतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत या पक्ष्याचें नांव आहे. त्यास मारणें हा तर गुन्हा आहेच. पण फासा लावणें, अंडें फोडणें, घरटें मोडणें हेंही त्या कायद्याप्रमाणें शिकारच होय. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास तीन ते सात वर्षें कैद व कमींत कमी पंचवीस हजार रुपये दंड आहे. मग पक्षी गेला कसा? आमची उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. या प्रश्नाचा निदान अर्धा जबाब त्या दप्तरांतच आहे, असें आमचें मत झालें आहे.

१९७९ सालीं माळढोक अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक क्षेत्र. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर हे तालुके आणि तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत, श्रीगोंदें, नेवासें येथील मुलूख त्यांत आला. यांत वनखात्याची जमीन थोडी. बाकी सारीं गांवें, विहिरी, रस्ते आणि कुणब्यांची खातेफोड झालेलीं शेतें. त्या वेळच्या कायद्यांत जाहीरनामा निघतांच अभयारण्य होत असे आणि लोकांच्या हक्कांची चौकशी कलेक्टरानें मागाहून करावयाची असे. हा उलटा क्रम १९९१ च्या दुरुस्तीनें बदलला. प्रथम केवळ इरादा जाहीर करावा असें ठरलें. चौकशी दोन वर्षांत पुरी करावी ही मुदत तर २००३ सालीं अमलांत आलेल्या दुरुस्तीनें घातली. तोंपर्यंत मुदतच नव्हती. आणि कलम २० सांगतें कीं, जाहीरनाम्यानंतर वारसाहक्क वा मृत्युपत्र यांखेरीज त्या जमिनींत कोणासही नवा हक्क मिळणार नाहीं.

याचा अर्थ काय होतो तो आम्हीं एका कचेरींत नोकरीस असतांना पाहिला. मुलीच्या लग्नासाठीं दोन एकर विकूं पाहणारा एक वृद्ध शेतकरी आमच्या मेजापाशीं आला. आम्हीं त्यास कलम वाचून दाखविलें. तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "भाऊसाहेब, पक्षी सरकारचा झाला, पण रान माझं हाय. मला इचारलं का कुणी?" आम्हीं त्यास आठ दिवसांनीं या म्हणून सांगितलें. आठ दिवसांनीं सांगावयास आमच्याकडे नवें कांहींच नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें. त्या दिवशीं आपण त्याची फसवणूक केली, हें आज लिहितांना लाज वाटते. तो पुन्हां आला नाहीं. परंतु त्या गांवीं त्यानंतर माळढोकाचें नांव कोणी प्रेमानें घेतलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ज्या गवताळ माळावर हा पक्षी जगतो, त्यास आमच्या दप्तरांत घरच नाहीं. सातबाऱ्यावर तो 'पोटखराब' किंवा 'पडीक' म्हणून लिहिला जातो. ती नोंद आम्हीं स्वतः शेंकडों वेळां लिहिली आहे. ज्यास खराब म्हटलें तें कोण राखणार? कोणीं नांगरलें, कोणीं झाडें लावून 'सुधारलें'. उजनीचें पाणी आलें तशी ज्वारीची जागा उंसानें घेतली. फवारणीनें टोळ मेले, मोकाट कुत्रीं वाढलीं, विजेच्या तारा आल्या. या जड पक्ष्यास समोरचें नीट दिसत नसल्यानें तो तारांवर आपटून मरतो. यांपैकीं एकही गोष्ट बंदुकीनें झालेली नाहीं. कायदा बंदूक अडवूं शकला. नांगर आणि पाट अडविणें त्याच्या हातीं नव्हतें, व कुणब्याच्या पोटाकडे पाहतां तें योग्यही नव्हतें. अखेरीस अभयारण्याची सीमा कमी करून ती सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरवर आणिली. तोंवर माणसांची पिढी अडकली आणि पक्षी तर गेलाच. जेथें लहान तुकड्यांत गवत खरोखर राखलें, तेथें काळवीट व लांडगे आजही आहेत, हेंही ध्यानांत घ्यावें.

राजस्थानांत जैसलमेरकडे आतां शेवटची धडपड चालली आहे. २०१९ पासून रानांतील अंडीं उबवून सम व रामदेवरा येथें पिलें वाढविलीं जात आहेत. तीं पिलें पुढें सोडावयाचीं झालीं तर माळ लागेल, आणि माळ शेतकऱ्याच्या संमतीवांचून राहत नाहीं.

सबब आमच्या बंधूंस तीन सूचना. पहिली: आपल्या गांवीं अभयारण्याचा जाहीरनामा लागला तर हरकत तोंडी सांगूं नये. कलम २१ प्रमाणें दोन महिन्यांच्या आंत लेखी दावा, सातबारा व नकाशासह द्यावा आणि पोंच घ्यावी. दुसरी: काळवीट वा रानडुक्कर पिकांत शिरलें तर कुंपणांत वीज सोडूं नये. त्यांत माणूसही मरतो आणि गुन्हा तर होतोच. नुकसानीची भरपाई देण्याची तरतूद आहे. वनखात्याकडे तत्काळ अर्ज करून पंचनामा करवावा. तिसरी: बांधालगतचा गवताचा पट्टा ज्यास ठेवणें शक्य आहे त्यानें ठेवावा. त्यांत गुरांचा चारा आहे, पांखरांचा निवारा आहे.

आणि सरकारास एकच विनंति. रेघ ओढण्यापूर्वीं जमिनीच्या धन्यास विचारावें, त्याचा वांटा आधीं ठरवावा. त्या वृद्धाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेव्हां देतां आलें नाहीं. पुढच्या कारकुनास तरी तें देतां यावें, इतकीच इच्छा.