बर्लिन शहरात पहिल्यांदा जाताना
(आपल्या रेडिओ केंद्रावर झालेलं बोलणं, थोडं आटोपशीर करून)

मागच्या खेपेला मी सहज बोलून गेले की लेकीच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीत, बर्लिनला तीन महिने राहून आले. तेव्हापासून कितीजणींनी विचारलं. कुणाचा मुलगा जर्मन भाषा शिकतोय, कुणाची भाची नर्सच्या कामावर तिकडे निघालीय. आज ना उद्या आईला बोलावणं येणारच. म्हणून आज त्या शहरात वावरायचं कसं तेवढंच सांगते. पासपोर्ट-व्हिसाचं जावयांनी बघितलं होतं. एवढंच लक्षात ठेवा की पाहुण्या माणसाला तिथं एकशे ऐंशी दिवसांत जास्तीत जास्त नव्वद दिवस राहता येतं आणि दवाखान्याच्या खर्चाचा विमा काढल्याशिवाय व्हिसा मिळत नाही.

आधी पिशवीचं. आपण आया म्हटल्यावर तूप, पेढे, खवा हे सगळं बांधून घेणार. ते नेऊ नका. दुधाचे आणि मटणाचे पदार्थ भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. हापूसच्या पेटीचंही तेच, आंब्याला सरकारी प्रमाणपत्र लागतं. मी डिंक, खारीक आणि सुंठ कोरडं नेलं. तिथं बिनमिठाचं लोणी कुठल्याही दुकानात मिळतं, ते कढवून घरीच तूप केलं आणि लाडू तिथंच वळले.

आता माझी फजिती सांगते, कारण त्यातून तुमचे पैसे वाचतील.

बर्लिनमध्ये जमिनीखालची रेल्वे आहे, वरची रेल्वे आहे, ट्राम आहे, बस आहे. सगळ्यांना एकच तिकीट चालतं. शहराचे अ, ब, क असे तीन पट्टे पाडलेत. आपलं बहुतेक फिरणं पहिल्या दोन पट्ट्यांत होतं, विमानतळ मात्र तिसऱ्यात आहे, त्याला वेगळं, जास्तीचं तिकीट लागतं. स्टेशनात शिरताना फाटक नाही, गाडीत कंडक्टर नाही. सरळ आत जाऊन बसायचं. मला वाटलं, किती साधी माणसं! जावयांनी तिकिटं आणून दिली होती. दोन स्टेशनांवर भारतीय किराण्याचं दुकान होतं, तिथं मी पहिल्यांदा एकटी निघाले. तिकीट पर्समध्ये अगदी कोरं, घडी न मोडता ठेवलेलं.

गाडी सुटली आणि साध्या कपड्यातले दोघं उठले. ओळखपत्र दाखवून एकेकाचं तिकीट बघायला लागले. मी ऐटीत माझं काढून दिलं. त्यानं उलटं केलं, सुलटं केलं, मान हलवली. झालं असं होतं, की यंत्रातून किंवा दुकानातून आणलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यायचा असतो. शिक्का नसलेलं तिकीट उद्याही वापरता येईल, परवाही वापरता येईल. म्हणून ते तिकीट नसल्यासारखंच धरतात. दंड साठ युरो. त्या वेळच्या भावानं साडेपाच हजार रुपये झाले. आपल्या गटात मी महिना दोनशे भरते, म्हणजे सव्वादोन वर्षांची बचत! मला काही बोलताही येईना. चोरी केली नव्हती, पण डब्यातली माणसं बघत होती आणि मान वर होईना.

घरी कुणी एका शब्दानं बोललं नाही. तरी मी आठ दिवस घराबाहेर पडले नाही. बाळ, स्वयंपाक आणि खिडकी, एवढंच. शेवटी लेक म्हणाली, "आई, दंड भरलास तो भरलास. आता शहर तरी बघ."

ते मग मी असं बघितलं. एका चिठ्ठीवर तिनं घराचा पत्ता, घराजवळच्या स्टेशनाचं नाव आणि तिचा नंबर त्यांच्या लिपीत मोठ्या अक्षरात लिहून दिला. मोबाईल बंद पडतो, चिठ्ठी बंद पडत नाही. वाट चुकली की कुणालाही ती दाखवायची. दुसरं, शंभर नंबरची बस. ही साधीच बस आहे, तिकीट रोजचंच, पण ती शहराच्या मधून जाते. संसदेची काचेच्या घुमटाची इमारत, ब्रांडेनबुर्ग दरवाजा, मोठं चर्च, संग्रहालयांचं बेट, सगळं वाटेत किंवा अगदी जवळ. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेपाशी बसले तर गाईडवाल्या महागड्या बसची गरजच नाही. एकेरी तिकीट दोन तास चालतं, गाड्या बदलल्या तरी चालतं, पण त्याच दिशेनं. परतीला दुसरं घ्यायचं.

रेल्वेचं दार कधीकधी आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. मी एकदा दाराकडे बघत उभी राहिले आणि गाडी निघून गेली. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, घाई असलेली माणसं डावीकडून जातात. साडी असेल तर निऱ्या हातात धरा. रस्त्याकडेला फूटपाथवर तांबडा पट्टा दिसला तर तो सायकलवाल्यांचा, त्यावर चालायचं नाही. सायकली जोरात येतात आणि घंटी वाजवतात ती रागानंच.

आता जे बायका कानात विचारतात ते सांगून टाकते. बाहेरच्या संडासाला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. दारावर डी म्हणजे बायका, एच म्हणजे पुरुष. आत फक्त कागद असतो, पाणी नाही. पर्समध्ये छोटी बाटली असू द्या. ती नळाच्या पाण्यानं भरून घेतली तरी चालते, तिथं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. हॉटेलात नुसतं पाणी मागितलं तर सोड्यासारखं फसफसणारं आणून देतात.

विकत घेतलेली बाटली मात्र टाकू नका. प्लॅस्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर पंचवीस सेंट जादा घेतलेले असतात, म्हणजे त्या वेळच्या भावानं आपले तेवीसेक रुपये. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की पावती निघते, ते पैसे परत. पुष्कळ लोक बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याच्या कडेला उभी ठेवतात, म्हणजे वेचणाऱ्या माणसाला हात घालावा लागत नाही. हे मला फार आवडलं. आणि शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवा, रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद. अडचण आली तर ॲम्ब्युलन्सला ११२, पोलिसांना ११०.

शहर जुनं, पण बऱ्याच इमारती नव्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून ते भुईसपाट झालं होतं. नंतर त्याचे दोन भाग झाले आणि १३ ऑगस्ट १९६१ ला एका रात्रीत मधे तारेचं कुंपण पडलं, त्याचीच पुढे भिंत झाली. बेर्नाउअर नावाच्या रस्त्यावर तिचा एक तुकडा ठेवलाय, बघायला पैसे पडत नाहीत. तिथं घरं पूर्वेच्या हद्दीत आणि दारापुढचा फूटपाथ पश्चिमेच्या. माणसांनी खिडक्यांतून फूटपाथवर उड्या टाकल्या, मग खिडक्याही विटांनी बुजवल्या. १९८९ च्या ९ नोव्हेंबरला भिंत खुली झाली. आता रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ दिसते, ती भिंतीची खूण.

चालताना खालीही बघत जा. घरांपुढे तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेत. इथं अमुक बाई राहत होत्या, अमुक साली जन्मल्या, त्यांना नेलं, मारलं, असं त्यावर कोरलेलं असतं. बहुतेक ज्यू लोकांची नावं. आमचाच वंश श्रेष्ठ या वेडापायी ती माणसं मारली. ते वेड सत्तेवर येण्याच्या थोडं आधी आपल्या इरावतीबाई कर्वे याच शहरात शिकत होत्या. त्यांच्या प्राध्यापकांचं म्हणणं, गोऱ्या माणसाच्या कवटीची घडणच वेगळी, म्हणून तो हुशार. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही असं लिहून दिलं. त्यांना डॉक्टरेट मिळाली. परक्या देशात, परक्या भाषेत हे लिहायचं म्हणजे बघा.

लेकीनं मला मुद्दाम एकटीला पाठवलं ते मात्र हाझेनहायडे नावाच्या बागेत. हेरमानप्लात्स स्टेशनावर उतरून थोडं चालायचं. तिथं एका बाईचा दगडी पुतळा आहे, १९५५ साली बसवलेला, तोही एका बाईनंच घडवलेला. ती विटांवर बसलीय, मांडीवर हातोडा, डोक्याला रुमाल, नजर वर. युद्ध संपलं तेव्हा पुरुष मेलेले, नाहीतर कैदेत. शहरात ढिगारेच ढिगारे. बायकांनी रांगा करून बादल्या एकमेकींच्या हाती दिल्या, हातोडीनं एकेका विटेचा चुना खरवडला आणि त्या पुन्हा बांधायला रचून ठेवल्या. काहीजणींना सक्तीनं लावलं होतं, पुष्कळजणी आल्या त्या या कामाला रेशन जास्त मिळायचं म्हणून. उरलेल्या राडारोड्याच्या टेकड्या झाल्या. एक तर समुद्रसपाटीपासून एकशे वीस मीटरच्या आसपास उंच आहे, पोरं तिथं आता पतंग उडवतात.

बायांनो, मी त्या बाकावर तासभर बसले. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. मी सहा वर्षांची होते, तिच्याबरोबर ढिगापाशी बसायची. ती हातोडी खाली ठेवायची ती अशीच, मांडीवर, हात तिच्यावरच ठेवून. तिथं कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून मी पदरानं डोळे पुसले.

परत फिरले तेव्हा अंधार पडायला आला होता. फलाटावर पेटी शोधली, तिकिटावर शिक्का मारला, वेळ नीट उमटलीय का ते चष्मा लावून बघितलं आणि गाडीत बसले. त्या दिवशी तपासायला कुणी आलंच नाही.