सहीमागची बाई

बँकेत लेटर ऑफ क्रेडिटची कागदपत्रे तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नव्हे, हा त्या खात्यातला पहिला धडा. वजनाच्या दाखल्यावरची मरीन सर्व्हेयरची सही रोज दिसे. ती करणारा पुरुषच असणार, हे सर्वांनी धरून चाललेले.

त्याला कारणही होते. सर्व्हेयर बहुधा बोटीवर नोकरी केलेल्यांतून येतात, आणि तिथले दार बायकांना फार उशिरा उघडले. सोनाली बॅनर्जी भारतातील पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या, ते साल २००१!

लोहखनिज, कोळसा बोटभर असला तर तराजूत कोण घालणार? बोट पाण्यात किती बसली यावरून वजन काढतात. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना मिळून सहा ठिकाणचे आकडे वाचायचे, पाण्याची घनता पाहायची, बॅलास्ट टाक्या मापायच्या. भरण्याआधी एकदा, भरल्यावर पुन्हा. मोठ्या बोटीवर एका सेंटिमीटरची चूक म्हणजे साठेक टनांचा फरक. आणि लाट काही स्वस्थ बसत नाही. समुद्राकडचे आकडे वाचायला होडीतून जा, नाहीतर दोरीच्या शिडीवर लोंबकळा. त्यात बॉयलरसूट पुरुषी मापाचा.

शिडीचे एक वेळ जमते. खरी कसोटी चीफ ऑफिसरचा आकडा वेगळा निघाला की लागते. बोटीला निघायची घाई, ‘मॅडम, एवढ्यावर मिटवा’ असे आर्जव. पुन्हा मोजायला लावणारा पुरुष कडक ठरतो, बाई हेकट! तरी ती पुन्हा खाली उतरते, आकडा वाचते, मगच सही करते. कागद जुळले की बँक पैसे मोकळे करते. दाखल्यावर आद्याक्षर आणि आडनाव, एवढेच.