‘सी’च्या घरात ‘रे’ला मज्जाव

बातमीदार वापरतात ते फ्रेंचमधलं ‘ऑरे’ (आपलं ‘असतं’) आज घ्यायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. गेल्या खेपेचा या रूपांचा तक्ता वाचून इथल्याच, हर्नडनमधल्या एका आईने पत्र पाठवलंय, आणि तिचा प्रश्न असा आहे की बाकी सगळं थांबलं तरी चालेल.

त्यांची मुलगी अकरावीत आहे, शाळेत फ्रेंच घेते. गृहपाठात तिने लिहिलं: ‘सी झॉरे प्री ल मेत्रो, झॉरे आरिवे आ लर.’ तिला म्हणायचं होतं, ‘मेट्रो घेतली असती तर वेळेवर पोचले असते.’ शाळेतल्या बाईंनी लाल शाईने दोन गोल केले: एक पहिल्या ‘झॉरे’भोवती, एक दुसऱ्याभोवती. आई विचारतात, ‘मराठीत दोन्हीकडे असतं-असतं चालतं. पोरीने तसंच दोन्हीकडे ऑरे-ऑरे लिहिलं. मग चुकलं कुठे?’

बाईंना हवं असलेलं वाक्य असं: ‘सी झावे प्री ल मेत्रो, झ सरे आरिवे आ लर.’ दोन्ही गोलांची कारणं वेगवेगळी आहेत. आधी पहिला गोल.

मराठीत ‘पाऊस पडला असता, तर पीक आलं असतं’ म्हणताना अट आणि परिणाम एकाच रूपात येतात. दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत, दोघींना एकच वेश. फ्रेंच भाषा मात्र त्यांच्यात फरक करते. ‘सी’ (जर) लावून अट सांगताना ती साधा पूर्ण भूतकाळ वापरते, म्हणजे आपलं ‘घेतली होती’. परिणामाला तेवढं ‘असतं’ देते. शब्दशः मांडलं तर फ्रेंच माणूस म्हणतो, ‘मेट्रो घेतली होती तर, वेळेवर पोचले असते.’ ‘तर’च्या अलीकडे होतं, पलीकडे असतं. हे एवढं पाठ झालं की अर्धं काम झालं. इतिहासाचं वाक्य घ्या. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ कथेत १७६१च्या लढाईत विश्वासराव वाचतात आणि पुढचा सगळा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. फ्रेंचमध्ये: ‘सी विश्वासराव आवे स्युरवेक्यु, ले मारात ऑरे गान्ये.’ अलीकडे ‘आवे’, पलीकडे ‘ऑरे’.

असं का, हे कळलं की पाठांतराचा भार उतरतो. ‘ऑरे’ हे रूप फोडून बघा. त्याचा पुढचा भाग, ‘ऑर’, भविष्यकाळाच्या रूपातून आलेला आहे. शेपटी मात्र ‘झावे’ला लागते तीच, अपूर्ण भूतकाळाची. भविष्याचं धड, भूतकाळाची शेपटी. ही जोडणी लॅटिनच्या उतरत्या काळात झाली. तेव्हा लोक ‘गाणे’ या क्रियापदापुढे ‘होतं’ लावून बोलू लागले, अगदी आपल्या ‘त्याला गायचं होतं’सारखं. त्यातून आज ‘शांतरे’ झालंय. म्हणून या रूपात नेहमी ‘त्यानंतर काय होणार होतं’ याची चाहूल असते. भूतकाळातल्या एका जागी उभं राहून पुढे पाहणं, हा या रूपाचा स्वभाव. परिणाम अटीच्या पुढे येतो, म्हणून परिणामाला ते शोभतं. अट मागे असते, तिला त्याची गरजच नाही.

आणि हा भेद आपल्याला परका नाही. ‘तू आलास तर मी येईन.’ अजून यायचंय, तरी अट भूतकाळाच्या रूपात, ‘आलास’. परिणाम मात्र ‘येईन’. ‘येशील तर येईन’ असंही आपण म्हणतो, पण ओठावर पहिलं येतं ते ‘आलास तर’. फ्रेंच इथे ‘सी त्यू व्यँ, झ व्यँद्रे’ म्हणते: अट वर्तमानात, परिणाम भविष्यात. तीनही पायऱ्यांवर नियम एकच आहे. वर्तमान आणि भविष्य, अपूर्ण भूतकाळ आणि ‘शांतरे’सारखं ‘रे’चं रूप, पूर्ण भूतकाळ आणि ‘ऑरे’. ‘सी’च्या बाजूला ‘र’ची ती पुढे पाहणारी खूण कधीच येत नाही. म्हणून फ्रान्समधल्या मास्तरांनी पोरांना शिकवलेलं सूत्रही तेच आहे: ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही.

याला एक अपवाद आहे आणि मुलं त्यावर हमखास अडतात. ‘सी’चा अर्थ ‘जर-तर’ नसून ‘की नाही’ असेल तर ‘रे’ चालतो. ‘ती आली असती की नाही कोण जाणे’ याचं फ्रेंच ‘झ न से पा सी एल सरे वनू’. मी मुलांना एवढंच सांगतो: मराठीत आधी म्हणून बघा. ‘तर’ आलं तर ‘रे’ नको, ‘की’ आलं तर खुशाल वापरा. शनिवारी इथल्या फोर्टनाइटली लायब्ररीत मुलं जमतात तेव्हा याच कसोटीने वाक्यं सोडवतात, आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना ती चटकन लागू पडते.

दोष सगळा मराठीला लावू नये. हर्नडनमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या कानावर इंग्रजीही तीच गफलत घालते. इथल्या बोलण्यात ‘इफ आय वुड हॅव नोन’ सर्रास ऐकू येतं, दोन्हीकडे ‘वुड’. शिवाय ‘लहानपणी आम्ही आजोळी जायचो’ हेही इंग्रजी ‘वुड’नेच सांगते, आणि मुलं तिथे फ्रेंच ‘रे’ लावून मोकळी होतात. तिथे साधा अपूर्ण भूतकाळ हवा. ‘जायचो’ आणि ‘गेलो असतो’ यांत मराठी इतका लख्ख फरक करते की घरची भाषाच त्या वेळी हाताशी धरावी.

फ्रेंच मुलंही चुकतात. इव्ह रोबेर यांच्या १९६२च्या ‘ला गेर दे बुताँ’ या चित्रपटात पेती जिब्युस नावाचा चिमुरडा पस्तावून एक वाक्य बोलतो आणि ते अख्ख्या फ्रान्सला तोंडपाठ आहे. वाक्याचा आशय ‘आधी ठाऊक असतं तर आलोच नसतो’ असा. पोराने त्यात दोन्ही चुका केल्या: ‘सी’मागोमाग ‘ऑरे’ घातलं, आणि ‘येणे’ या क्रियापदाला ‘एत्र’ (असणे) या सहायक क्रियापदाऐवजी ‘आव्वार’ (जवळ असणे) लावलं. आपल्या अकरावीतल्या मुलीने केल्या त्याच दोन. चित्रपट ज्या कादंबरीवरून घेतला ती लुई पेर्गोची, १९१२ची. पेर्गो खेड्यात शाळामास्तर होते आणि पहिल्या महायुद्धात, १९१५ साली मारले गेले.

आता दुसरा गोल. ‘पोचले असते’साठी ‘आव्वार’चं ‘झॉरे’ नाही, ‘एत्र’चं ‘झ सरे’. इथल्या शाळांत ‘एत्र’वाल्या क्रियापदांसाठी ‘डॉक्टर आणि मिसेस व्हँडरट्रॅम्प’ हे नाव घोकून घेतात. प्रत्येक अक्षराला एक क्रियापद. उपयोगी आहे, घोकावं. पण मराठी मुलांकडे आणखी एक साधन आहे, आणि गेली कित्येक वर्षं मी त्याचा पुरस्कार करतोय: ‘ने’.

मेट्रोचंच घेऊ. सिल्व्हर लाइन नोव्हेंबर २०२२मध्ये डलेस विमानतळ ओलांडून पुढे गेली आणि हर्नडनला स्टेशन आलं. ‘ती हर्नडनला उतरली असती’ याचं फ्रेंच ‘एल सरे देसाँद्यु आ हर्नडन’. आता ‘तिने बॅग उतरवली असती’ म्हणा: ‘एल ऑरे देसाँद्यु ला व्हालीझ’. क्रियापद तेच, ‘देसाँद्र’. मराठीत कर्त्याला ‘ने’ लागला, त्या क्षणी फ्रेंचमध्ये ‘सरे’ जाऊन ‘ऑरे’ आलं. ‘ती बाहेर गेली असती’, ‘तिने कुत्र्याला बाहेर नेलं असतं’. ‘ती वर चढली असती’, ‘तिने पेटी वर चढवली असती’. प्रत्येक जोडीत तेच घडतं. ‘मी’ आणि ‘तू’ला मराठीत ‘ने’ दिसत नाही, म्हणून परीक्षा करताना कर्ता ‘ती’ करून घ्यावा.

पण ही कसोटी एकाच बाजूने चालते. ‘ने’ आला की ‘आव्वार’. मुख्य अपवाद ‘स’ लागणाऱ्या क्रियापदांचा, म्हणजे ‘तिने हात धुतले असते’ यासारख्यांचा. ते ‘एल स सरे लावे ले मँ’. ‘ने’ नाही म्हणून ‘एत्र’ मात्र समजू नये. ‘ती झोपली असती’, ‘ती धावली असती’, ‘ती विसरली असती’: मराठीत ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये ‘ऑरे’. ‘ती जिना उतरली असती’ तर आणखी फसवं. मराठीत ‘ने’ नाही, पण जिना हे कर्म पुढे आहे, म्हणून फ्रेंच ‘ऑरे’च घेते. अशा ठिकाणी डॉक्टर व्हँडरट्रॅम्पकडे जावं, आणि तिथेही कर्म आहे का ते बघावं.

राहिला लिंगाचा प्रश्न. मुलगी लिहिते आहे, तेव्हा ‘आरिवे’ला शेवटी आणखी एक ‘ई’ अक्षर हवं. ऐकू येत नाही, पण लिहावं लागतं. ‘पोचलो असतो’ आणि ‘पोचले असते’ यांत जो फरक मराठी कानाला आपोआप कळतो तोच तिथे कागदावर करायचा. इथली बरीच मुलं मराठी बोलताना लिंग सैल सोडतात, मुलगीही ‘मी गेलो असतो’ म्हणते. घरी ते हळूच सुधारत गेलात तर फ्रेंचच्या वहीतली ‘ई’ही जागेवर येते, हा माझा पक्का अनुभव आहे.

आणि ‘ऑरे’ असेल तर? ‘तिने बॅग उतरवली असती’ म्हणताना मराठी क्रियापद बॅगेप्रमाणे चालतं, तिच्याप्रमाणे नाही. फ्रेंचही हे करते, पण कर्म क्रियापदाच्या आधी बोललं गेलं तरच. ‘ला व्हालीझ क एल ऑरे देसाँद्यु’, ‘जी बॅग तिने उतरवली असती ती’, इथे ‘ई’ लागते. बॅग नंतर आली की नाही. सोळाव्या शतकात कवी क्लेमाँ मारो यांनी इटालियनचा दाखला देऊन या नियमाची बाजू पद्यात मांडली, आणि फ्रेंच शाळांत त्यावर आजतागायत शुद्धलेखनाचे गुण कापले जातात. मराठी मूल या नियमाजवळ जन्मापासून असतं. त्याला फक्त ‘आधी की नंतर’ एवढं नव्याने शिकायचं आहे.

पत्र लिहिणाऱ्या ताईंनी मुलीला ही तीन वाक्यं घालावीत: ‘तू फोन केला असतास तर आम्ही थांबलो असतो’, ‘त्या लवकर निघाल्या असत्या तर विमान चुकलं नसतं’, ‘तिने चिठ्ठी वाचली असती की नाही, मला माहीत नाही.’ तिसऱ्यात ‘सी’ आहे आणि ‘रे’ही आहे. उत्तरं पुढच्या आठवड्यात, बातमीदारांच्या आधी.