पाय जमिनीवर, डोकं दर्यात

बोट लागायची ती बोटीवर, असा आपला समज. धक्क्यावर पाय ठेवला की लिंबू, आवळासुपारी, उलटीच्या गोळ्या पिशवीत परत जातात. काहींचा त्रास मात्र उतरल्यावरच सुरू होतो. प्रवासात मळमळ नाही, दोन्ही वेळचं जेवण चवीनं झालेलं, आणि घरी येऊन पाठ टेकली तर पलंग हलतोय. उभं राहावं तर पायाखालची लादी किंचित वर येते, खाली जाते. घर गरगर फिरत नाही, डुलतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे डॉक्टरांसमोर तो कामाला येतो.

मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ किंवा मुलांकडे अमेरिकेला गेल्यावर जोडून केलेली अलास्काची सफर आता मराठी घरांत नवलाची राहिलेली नाही. मर्चंट नेव्हीतल्या मुलांना हे डुलणं ओळखीचं असतं. दोन दिवस घर हलल्यासारखं वाटतं आणि जातं, त्याची कुणी वाच्यता करत नाही. इस्रायलच्या नौदलात खलाशांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून कितीतरी जास्त जणांनी किनाऱ्यावर असं झाल्याचं सांगितलं होतं. थोडक्यात, उतरल्यावर डुलणं हा आजार नव्हे. प्रश्न येतो तो डुलणं मुक्काम ठोकतं तेव्हा. अठ्ठेचाळीस तास उलटून गेले आणि दिवसाचा बराचसा वेळ डुलणं चालूच राहिलं, तर त्या अवस्थेला वैद्यकात ‘माल द देबार्कमाँ सिंड्रोम’ म्हणतात. मूळ फ्रेंच नाव, अर्थ ‘उतरल्यानंतरचं दुखणं’. डॉक्टर मंडळी ‘एमडीडीएस’ म्हणून मोकळी होतात.

असं का होतं, हे समजायला आधी बोटीवर जाऊ. प्रत्येक आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं वळल्याची खबर देतात. शेजारी दोन इवल्या पिशव्या असतात. त्यांतले कॅल्शियमचे सूक्ष्म कण डोकं कललं, सरकलं, वर-खाली झालं की मेंदूला कळवतात. डोळे आणि तळपाय आपापली बातमी वेगळी पाठवतात. केबिनमध्ये डोळे म्हणतात भिंत स्थिर आहे, कान म्हणतो आपण हेलकावतोय. सुरुवातीला मेंदू या भांडणाला वैतागतो, तेच बोट लागणं. मग एक-दोन दिवसांत तो लाटेचा ताल शिकतो. पुढची लाट यायच्या आधीच अंगाला तोल सावरायला सांगू लागतो. खलाशी बोटीवर सरळ चालतो तो याच जोरावर.

किनाऱ्यावर आल्यावर हे शिकलेलं विसरायचं असतं. भरलेली समजून बादली उचलावी आणि ती रिकामी निघावी, म्हणजे हाताला जो हिसका बसतो, तसं काहीसं मेंदूचं होतं: तो लाटेची तयारी करून बसलेला आणि लाट येतच नाही. बहुतेकांचा मेंदू तासा-दोन तासांत, फार तर दोन दिवसांत हिशोब दुरुस्त करतो. काही थोड्यांचा करत नाही. त्यांत चाळिशी-पन्नाशीतल्या बायका जास्त दिसतात. असं का, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही. संप्रेरकांचा संबंध असावा असं म्हणतात, अर्धशिशीचाही.

या दुखण्याची एक खूण अशी आहे की ऐकणाऱ्याला पेशंटच खोटं बोलतोय असं वाटावं. परिचयातल्या एक काकू क्रूझवरून आल्या, त्यानंतरचे कित्येक दिवस स्वयंपाकाच्या ओट्याला पोट टेकवूनच उभ्या राहायच्या. न्हाणीघरात केस धुताना डोळे मिटले की एक हात नळावर. “पण रिक्षात बसले ना, की मी ठणठणीत,” त्या सांगायच्या. “सिग्नलला थांबली की पुन्हा सुरू. चालू झाली की बरं.” घरातल्यांनी हे ऐकून एकमेकांकडे पाहिलं. सुनेनं तर विचारलंच, “आई, तुम्हाला घरात बसायचा कंटाळा आलाय का?”

तोच तर पुरावा होता. चक्करीचे बाकी बहुतेक प्रकार हलण्यानं वाढतात, हा हलण्यानं शमतो. मेंदू ज्या हालचालीची वाट पाहतोय ती गाडीत त्याला मिळते आणि तो गप्प बसतो. कान-समतोलाच्या तज्ज्ञांच्या बारानी सोसायटीनं 2020 साली निदानाचे निकष ठरवले. गाडीत तात्पुरता आराम पडणं त्यांत आहे, शिवाय प्रवास संपल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्रास सुरू होणं हेही. रक्त तपासा, एमआरआय काढा, कानाच्या चाचण्या करा, सगळं नॉर्मल येतं. त्यामुळे निदान होतं ते रिपोर्टवरून नव्हे, पेशंटनं सांगितलेल्या हकिकतीवरून.

आणि इथेच आपल्याकडे घोळ होतो. चक्कर म्हटली की बीपी, नाहीतर ॲसिडिटी, नाहीतर मानेचा स्पॉन्डिलायटिस. चाळिशीनंतर मानेचा एक्स-रे काढला की मणक्यांची थोडी झीज बहुतेकांच्या फिल्मवर दिसणारच. मग गळ्यात पट्टा येतो. सोबत बीटाहिस्टिन, सिनारिझिनसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात. या दुखण्यात उलटीच्या आणि चक्करीच्या नेहमीच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. उलट, तोल शांत करणारी औषधं लांबली तर मेंदूचं नव्यानं शिकणं मंदावतं. सिनारिझिन वयस्कांनी दीर्घकाळ घेतलं तर कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. माझं मत विचाराल तर, गोळ्यांची चिठ्ठी लिहिण्याआधी “हल्ली कुठे बोटीनं, विमानानं गेला होतात का?” एवढं विचारायला अर्ध मिनिट लागतं. डॉक्टर विसरले तर पेशंटनं स्वतःहून सांगावं, आणि तेही बोलण्याच्या अगदी सुरुवातीला.

वर्णनं जुनी आहेत. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅझ्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रवासानंतर राहणाऱ्या या हालचालीच्या भासाबद्दल लिहून ठेवलं होतं. तरी लांबलेल्या प्रकाराला आजार म्हणून ओळख मिळाली ती 1987 साली, ब्राउन आणि बॅलो या डॉक्टरांनी अवघ्या सहा पेशंटांवर लिहिलेल्या निबंधातून. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेत मिंगजिया दाई आणि बर्नार्ड कोहेन यांनी 2014 मध्ये एक वेगळाच उपाय मांडला. पेशंटला बसवायचं आणि समोर सावकाश एका बाजूला सरकणारे उभे पट्टे दाखवायचे. ते बघत असताना त्याचं डोकं एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे कलवायचं, तेही पेशंट ज्या गतीनं डुलतोय त्याच गतीनं. ही गती साधारण पाच सेकंदांना एक झोका, म्हणजे माणसाला सर्वांत जास्त मळमळ आणणाऱ्या हेलकाव्याच्या जवळपास. पट्टे कुठल्या बाजूला सरकवायचे, हे पेशंटला डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लावून ठरवतात. शरीर नकळत एका बाजूला वळतं, त्यावरून. काही मिनिटांची सत्रं, दिवसातून काही वेळा, सुमारे आठवडाभर. चोवीस पेशंटांपैकी सत्तर टक्क्यांना चांगला फरक पडला. आकडा लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि बरं होऊन लांबच्या प्रवासानं घरी परतताना काहींचं डुलणं परत आलं. तरीही त्रास कानाच्या बिघाडाचा नाही, शिकण्याचा आहे, या समजुतीला त्यातून मोठा आधार मिळाला.

म्हणून घरी काय करायचं तेही याच समजुतीतून निघतं. पडून राहू नका. अंथरुणात आणि अंधारात मेंदूला ‘जमीन स्थिर आहे’ ही बातमी मिळतच नाही. सकाळी उजेडात, मोकळ्या मैदानावर लांबची झाडं बघत चाला. अनवाणी चाललात तर आणखी बरं. झोपेची वेळ पाळा, कारण थकवा आणि जागरणानं डुलणं हमखास वाढतं. काही दिवस मॉल, मोबाइलवरचं सरसर स्क्रोल करणं आणि समोरून लोकल सुटत असताना फलाटावर कडेला उभं राहणं टाळा. आंघोळीला स्टूल घ्या, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा. गाडीत बरं वाटतं म्हणून उठसूट चक्कर मारायला जाऊ नका. उतरल्यावर डुलणं पुन्हा येतंच, कधी जास्त जोरात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उतार नसेल तर चक्करीचे पेशंट नेहमी बघणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट गाठा. डुलण्याऐवजी पलंगावर कूस बदलताना मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर असेल तर तो कानातले कण घसरल्याचा प्रकार, आणि तो डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून तिथल्या तिथे बरा करता येतो. लांबलेल्या एमडीडीएसमध्ये काही डॉक्टर क्लोनाझेपामचा अगदी कमी डोस किंवा अर्धशिशीवर चालणारी औषधं देतात. फरक पडतो, पण क्लोनाझेपामची सवय लागते, ते शेजारणीच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध नाही. चक्करीसोबत बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसले, अचानक भयंकर डोकं दुखलं किंवा ऐकू येणं बंद झालं, तर प्रवासाचा विचार सोडा आणि 108 ला फोन करा.

बऱ्याच जणांचं डुलणं काही आठवड्यांत आपसूक ओसरतं. सहा महिने उलटले तर आपोआप जाण्याची शक्यता कमी होत जाते. अशा काळात उदासी आणि भीती दोन्ही येतात, कारण बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. घरच्यांनी निदान “मनाचे खेळ आहेत” एवढं तरी म्हणू नये.

एकदा झालेल्याला पुढच्या सफरीनंतर पुन्हा होऊ शकतं, आणि आधीपेक्षा जास्त दिवस टिकू शकतं, तेव्हा नवी क्रूझ बुक करण्याआधी विचार करावा. मांडव्याच्या रो-रो फेरीबोटीनं अलिबागला जाऊ का, हा प्रश्न हमखास येतो. तासाभराच्या खाडीप्रवासानं सहसा काही होत नाही. पण डुलणं अजून चालू असेल तर आपला पेणवरून रस्ता बरा. वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली की काय होईल, त्याची तयारी ठेवूनच निघा.